एकटीची मुशाफिरी

आमच्या इमारतींतील शेजारीणबाई फार प्रेमळ आहेत. महिन्यांतील एखाद्या गुरुवारीं पहांटे मोटारीची किल्ली, पाण्याची बाटली आणि डबा घेऊन मी जिना उतरूं लागलें कीं त्या दार किलकिलें करून विचारतात, "आज कोणाकडे?"

"कोणाकडे नाहीं," मी म्हणतें.

"मग देवाला?"

"देवालाहि नाहीं."

"बरोबर कोण आहे?"

"कोणी नाहीं."

यावर त्या क्षणभर गप्प राहतात आणि "जपून हो," एवढेंच म्हणून दार लावून घेतात. त्या गप्प राहण्याचा अर्थ मला चांगला समजतो. आपल्याकडे माणूस घराबाहेर पडतें तें कोणाकडे तरी, कशासाठीं तरी आणि कोणाबरोबर तरी. या तिन्ही प्रश्नांना "नाहीं" असें उत्तर देणारी साठी ओलांडलेली विधवा बाई ही काळजी करण्यासारखीच गोष्ट आहे.

मी नेमकी जातें कोठें, हें त्यांनीं अजून विचारलेलें नाहीं तें बरें. कारण तें उत्तर याहूनहि विचित्र वाटेल. मी महाबळेश्वराला जात नाहीं, अष्टविनायकाला जात नाहीं. मी बोरिवलीला जातें, अंधेरीला जातें, फार तर खाडी ओलांडून सोपाऱ्याला जातें. आणि दिवेलागणीच्या आंत घरीं परत येतें. मोटार घेऊन अंधेरीला सहल! असें म्हटल्यावर कोणीहि हंसेल. पण मला जें सांगावयाचें आहे तें यांतच आहे, म्हणून थोडें मागें जाऊन सांगतें.

मी मुलुंडला राहतें. 31 वर्षें मीं नोकरी केली आणि तीं सर्व वर्षें मुलुंड ते बोरीबंदर अशी आगगाडीची ये-जा केली. या 31 वर्षांत घाटकोपर हें माझ्या लेखीं गांव नव्हतेंच. डब्यांत आणखी माणसें शिरण्याची ती एक जागा होती. अंधेरी म्हणजे जिने आणि पूल. बोरिवली म्हणजे फलाटावरच्या पाटीवर उजळणारें "बो" हें अक्षर. आपण उपनगरांतील माणसें गांवांत राहतों असें म्हणतों खरें. परंतु बहुतेक सारीं स्थानकांत राहतों. ज्या भूमीला साष्टी म्हणतात, जिच्यावर 66 गांवें होतीं म्हणून तिला तें नांव पडलें असें सांगतात, तिच्यांतील सहा गांवेंहि मला धड ठाऊक नव्हतीं.

ईडिथ व्हार्टन नांवाच्या अमेरिकन लेखिकेनें 1908 सालीं फ्रान्समधील आपल्या मोटारप्रवासाचें एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्या वेळीं तिकडेहि मोटार ही नवलाईच होती. त्याच्या आठच वर्षें आधीं, 1900 सालीं, टायर तयार करणाऱ्या मिशेलिन बंधूंनीं मोटारवाल्यांना एक मार्गदर्शक पुस्तिका फुकट वांटली होती. पेट्रोल कोठें मिळेल, दुरुस्ती कोठें होईल, रात्रीं कोठें उतरावें, ही सर्व माहिती तींत होती. हेतु उघड होता: माणसें घराबाहेर पडलीं तरच टायर झिजणार! असो. व्हार्टनबाईंचें म्हणणें असें कीं, आगगाडी आपल्याला ठराविक वेळेला बांधून घेते, मळलेल्या वाटेनें नेते, आणि प्रत्येक गांवांत शिरवते ती स्थानकाभोंवतीं तिनेंच माजविलेल्या कुरूप वस्तींतून. मोटारीनें तीं बंधनें तुटलीं आणि गांवाला त्याच्या खऱ्या वाटेनें भेटतां येऊं लागलें. हें वाचलें तेव्हां मला फ्रान्स आठवला नाहीं. तो मीं पाहिलेलाच नाहीं. मला घाटकोपरचा फलाट आठवला. बाईंच्या मोटारीला चालक होता, बरोबर यजमान आणि मित्रमंडळीहि असत. एकटेपणाचा भाग तेवढा माझा आहे.

हा एकटेपणा मीं हौसेनें पत्करलेला नाहीं. माझे यजमान उत्तम मोटार चालवीत. ते 26 वर्षें चालवीत होते आणि मी डाव्या बाजूला बसून संत्रीं सोलून देत होतें. रस्त्याच्या कडेला एखादें पडकें देऊळ दिसावें, एखादी पायवाट टेकडीआड जातांना दिसावी, मीं म्हणावें, "तें काय असेल हो?" आणि त्यांनीं म्हणावें, "येतांना पाहूं." येतांना रात्र झालेली असे. मी त्यांना दोष देत नाहीं. चार दिवसांची रजा, मागें सासूबाई, त्यांच्या शेजारीं झोंपलेला मुलगा, आणि पुढें मुक्कामाचें ठिकाण गांठावयाचें. कुटुंबाच्या मोटारींत मुक्काम महत्त्वाचा असतो. वाट ही नुसती ओलांडावयाची असते.

ते गेल्यावर मोटार चौदा महिने इमारतीखालीं उभी होती. बॅटरी मेली, एक टायर बसला, आवरणाखालीं मांजर व्यालें. मुलगा परदेशांत असतो, तो दर रविवारीं फोनवर सांगे, "आई, गाडी विकून टाक." तें शहाणपणाचेंच होतें. एक दिवस गिऱ्हाईक आलें. भला गृहस्थ होता. त्यानें दार उघडलें, चाकामागें बसला आणि खुर्ची आपल्या उंचीप्रमाणें मागें सरकवली. तो खुर्ची सरकल्याचा आवाज मला सहन झाला नाहीं. मीं त्यांना सांगितलें कीं मोटार विकावयाची नाहीं. ते निघून गेल्यावर मी तिथेंच उभी राहिलें, कारण आतां हिचें करावयाचें काय, हा प्रश्न होताच.

परवाना माझ्याजवळ होता. तरुणपणीं हौसेनें काढलेला आणि नंतर कधीं न वापरलेला. माझ्या मुलाहून लहान अशा एका शिक्षकानें मला नव्यानें शिकविलें. "काकू, क्लच हळू सोडा," हें वाक्य त्यानें त्या महिन्यांत किती वेळां उच्चारलें याची गणति नाहीं. पहिला महिना मी मुलुंडच्याच गल्ल्यांतून फिरलें. दुसऱ्या महिन्यांत एका गुरुवारीं लालबहादुर शास्त्री मार्गाला लागलें, आणि मागून वाजणाऱ्या भोंग्यांकडे लक्ष देईनासें झालें, तेव्हां समजलें कीं आतां आपल्याला गाडी येते.

माझे नियम थोडे आहेत. सकाळीं सहाला निघावयाचें. एका दिवशीं दोनांपेक्षां अधिक ठिकाणें पाहावयाचीं नाहींत. कोणत्या दिशेला जातें हें इमारतीच्या रखवालदाराला सांगून ठेवावयाचें. आणि सूर्य असतांना घर गांठावयाचें. फोनमध्यें रस्ता सांगणारी एक बाई असते, तिला मी फक्त वाट अगदींच चुकल्यावर बोलूं देतें. तिला नेहमीं जवळची वाट हवी असते. मला तशी घाई नसते.

माझी पहिली खरी फेरी एकसरची. एकसर हें बोरिवली पश्चिमेला आहे. नकाशावर मुलुंड आणि बोरिवली अगदीं शेजारीं दिसतात, पण मध्यें राष्ट्रीय उद्यानाचें शंभराहून अधिक चौरस किलोमीटरांचें जंगल आडवें पसरलें आहे. तें चुकविण्यासाठीं एक तर दक्षिणेकडून पवईवरून जावें लागतें, नाहीं तर उत्तरेकडून ठाणें व घोडबंदर असा वळसा घ्यावा लागतो. या डोंगराखालून बोगदे नेण्याच्या कामांचें भूमिपूजन 2024 सालीं झालें. ते झाले म्हणजे मुलुंडकराला पश्चिमेकडे पोंचण्यास थोडा वेळ पुरेल, आणि जंगल मुळीं दिसणार नाहीं. मी घोडबंदरावरून गेलें. गायमुखाच्या चढावर उजव्या हाताला खाडी आणि डाव्या हाताला झाडी, अशी ती सकाळ होती. माझ्या पुढें एक दुधाची गाडी आणि मागें कोणी नाहीं. मोटार एकटीनें चालविण्यांतलें सुख मला पहिल्यांदा तेथें कळलें. मीं ती कडेला घेतली आणि थांबलें, आणि "कां थांबलीस?" असें कोणीहि विचारलें नाहीं.

एकसरला वीरगळ आहेत, एवढेंच मीं वाचलें होतें. उंच इमारतींच्या मधून वाट काढीत जुन्या गांवठाणांत शिरलें आणि एका पिठाच्या गिरणीवर चौकशी केली. दळण घेऊन आलेल्या एका आजींनीं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलें.

"दगड बघायला आलीस? एकटीच?"

"हो, एकटीच."

"ते दगड न्हाईत गो बाय, देव हायेत आमचे," त्या म्हणाल्या, आणि दळणाचा डबा तिथेंच ठेवून मला वाट दाखवीत चालूं लागल्या.

त्यांचें खरें आहे. गांवचे लोक त्यांची पूजा करतात. मोठे वीरगळ माणसाच्या दीडपट उंचीचे आहेत. वीरगळ खालून वर वाचावयाचा असतो. तळाच्या पट्ट्यांत लढाई आणि वीराचा मृत्यु. त्याच्या वर विमानांतून अप्सरा येतात. आणि अगदीं माथ्याजवळ तो वीर शिवलिंगासमोर हात जोडून बसतो. देशावर असे दगड गांवोगांव आहेत. कोणी गाई राखतांना मेला, कोणी वेस राखतांना. परंतु एकसरच्या दगडांवर खालीं जमीन नाहीं, पाणी आहे. वल्हीं मारणाऱ्यांची रांग असलेल्या उंच नाळेच्या नौका एकमेकींवर चालून जात आहेत आणि माणसें समुद्रांत पडत आहेत. आरमारी लढाईचे असे वीरगळ दुर्मिळ आहेत.

ही लढाई कोणती, याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. कोणी हे दगड अकराव्या शतकांतले मानतात. पुष्कळांचें मत असें कीं ही देवगिरीचा यादव महादेव आणि उत्तर कोंकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर यांची, 1265 च्या सुमाराची लढाई असावी. महादेवाच्या हत्तींपुढें जमिनीवर टिकाव लागेना, तेव्हां सोमेश्वरानें समुद्राचा आश्रय केला आणि तेथेंच तो बुडाला. हें आपल्याला सांगणारा ग्रंथकार हेमाद्रि, म्हणजे देवळांमुळें आपल्याला ठाऊक असलेला हेमाडपंत. तो जिंकणाऱ्या बाजूचा मंत्री होता. त्यामुळें महादेवाच्या कोपाग्नीपेक्षां सोमेश्वरानें समुद्रांतला वडवानल पसंत केला, असा त्यानें आपल्या धन्याचा गौरव केला आहे. राजाच्या मरणाचें असें काव्य झालें. वल्हीं मारणाऱ्यांचें कोणी कांहीं लिहिलें नाहीं. ते तेवढे या दगडांवर अजून वल्हीं मारीत आहेत. मी तेथें किती वेळ उभी होतें कोणास ठाऊक. आजी म्हणाल्या, "माझं दळण झालं असेल," तेव्हां भानावर आलें.

त्याच दिवशीं मंडपेश्वर पाहिलें. तें एकसरहून जवळच आहे. सुमारें सहाव्या शतकांतील शैव लेणें. आंत नटराजाचा मोठा शिल्पपट. सोळाव्या शतकांत पोर्तुगीज आले, त्यांनीं लेण्याचें प्रार्थनामंदिर केलें आणि डोक्यावर आपली इमारत उभारली. तिच्या भिंती वर अजून उभ्या आहेत. लेण्याच्या एका बाजूला, जेथें मूर्ति होती त्या भिंतींत कोरलेला क्रूस आहे. 1737 सालीं मराठ्यांनीं साष्टी घेतली. आज आंत शिवलिंगाची पूजा होते आणि शेजारीं चर्चमध्यें घंटा वाजते. मी गेलें त्या दिवशीं समोरच्या मोकळ्या जागेंत मुलें क्रिकेट खेळत होतीं, आणि चेंडू एकसारखा सहाव्या शतकांत जात होता.

अंधेरीला दोनदां गेलें. पहिली फेरी गिल्बर्ट टेकडीची, आणि ती थोडक्यांतच सांगतें, कारण ती मला दुःख देऊन गेली. सुमारें 200 फूट उंचीचा तो काळ्या कातळाचा सुळका आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचे उभे खांब एकमेकांना चिकटून राहिले आहेत. अशाच खांबांचा एक सुळका अमेरिकेंतील वायोमिंगमध्यें आहे. 1952 सालीं त्याला कायद्याचें संरक्षण मिळालें. माथ्यावर गांवदेवीचें देऊळ आहे आणि वर जाण्यास पायऱ्या आहेत. पण भोंवतालीं इमारती इतक्या दाटल्या आहेत कीं सुळका पाहण्यासाठीं मागें सरकावें तर पाठ कोणाच्या तरी भिंतीला लागते. आणि मोटार उभी करण्यास जागा नाहीं, ही माझी क्षुद्र तक्रार वेगळीच.

दुसरी फेरी मात्र माझ्या मनांत घर करून आहे. "महाकाली गुंफा" ही पाटी मीं बसगाड्यांवर जन्मभर वाचली होती. तें उतरण्याचें ठिकाण असतें. त्याच्या पुढें कोणी गुंफा पाहावयास जात असेल हें मनांतहि आलें नव्हतें. कोंडिवटे गांवच्या टेकडींत हीं बौद्ध लेणीं आहेत, 19 एकूण. सर्वांत जुनें ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या आसपासचें. त्यांतील चैत्यगृह मोठें चमत्कारिक आहे. कार्ल्याला किंवा कान्हेरीला स्तूप सभागृहाच्या टोकाला उघडा उभा असतो. येथें सभागृहाच्या टोकाला कातळांत एक वाटोळी झोंपडी कोरली आहे; तिला दार आहे, जाळीच्या दोन खिडक्या आहेत, आणि स्तूप आहे तो त्या झोंपडीच्या आंत. बिहारांतील बराबरच्या टेकड्यांत अशा वाटोळ्या खोल्या आहेत. इकडे असें दुसरें लेणें माझ्या पाहण्यांत नाहीं. खिडकीजवळ एक लेख आहे. एका ब्राह्मणानें आपल्या भावासह विहार दान दिल्याचें त्यांत सांगितलें आहे.

मी त्या झोंपडींत शिरलें. स्तूपानें ती जवळ जवळ भरलेली आहे. भोंवतीं एका माणसापुरती वाट राहते. दोन माणसें बरोबरीनें प्रदक्षिणा घालूं शकणार नाहींत. बाहेर विमानतळावर उतरणारीं विमानें गर्जत होतीं आणि आंत जाळींतून पडलेल्या उजेडाचे चौकोन स्तूपावर होते. मी एक प्रदक्षिणा घातली आणि यजमान गेल्यानंतर प्रथमच, बरोबर कोणी नसल्याचें मला वाईट वाटलें नाहीं. हें बोलतांना थोडा संकोच होतो. पण खरें आहे तें सांगितलें पाहिजे.

घाटकोपरकर श्रोते आतां विचारतील, आमच्या गांवाचें काय? दोन गुरुवार मीं त्यांच्या गांवासाठीं खर्च केले आणि त्यांतले बरेच तास वाहतुकींत गेले. परंतु घाटकोपरापासून मुलुंडपर्यंत पूर्वेला जी खाडी आहे, तिच्या कांठीं हिवाळ्यांत रोहित पक्षी येतात. गुलाबी पंखांचे हजारों पक्षी चिखलांत माना खालीं घालून उभे असतात. ठाण्याच्या खाडीचा तो भाग 2015 सालीं अभयारण्य म्हणून जाहीर झाला. माझ्या आगगाडीच्या मार्गापासून हें सारें किती जवळ होतें! 31 हिवाळे मी त्यांच्याकडे पाठ करून उभी होतें.

आतां सोपारा. माझा मुलगा परदेशांत असल्यानें हें भाषण त्याच्या कानीं पडण्याचा संभव थोडा. पण हल्लीं नभोवाणी फोनवरहि ऐकूं येते. तेव्हां पुढें जें सांगणार आहें तें त्यानें शांतपणें ऐकावें.

गेल्या डिसेंबरांत मी सोपाऱ्याला गेलें. आज आपण त्याला नालासोपारा म्हणतों आणि गर्दीच्या गाडीसंबंधानेंच त्याचा उच्चार करतों. एके काळीं शूर्पारक नांवाचें हें मोठें बंदर होतें. ग्रीक खलाशांच्या पुस्तकांत त्याचें नांव आहे. गांवाच्या पश्चिमेस "बुरूड राजाचा कोट" म्हणून एक टेकाड होतें. 1882 सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तें उकरलें तेव्हां तो विटांचा स्तूप निघाला. त्याच्या पोटांत दगडाची पेटी. तींत तांब्याचा करंडा आणि त्याच्या भोंवतीं बुद्धाच्या आठ लहान मूर्ति. तांब्याच्या करंड्यांत रुप्याचा, त्यांत दगडाचा, त्यांत स्फटिकाचा, त्यांत सोन्याचा. आणि सोन्याच्या करंड्यांत काय? मातीच्या भिक्षापात्राचे 13 तुकडे. ही पेटी पुढें मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आली.

त्याच वर्षीं गांवांतील भाटेळा तळ्याजवळ अशोकाच्या लेखाचा एक फुटका तुकडा मिळाला. अशोकाच्या 14 शिलालेखांपैकीं तो आठवा. या आठव्या लेखांत काय आहे हें मी घरून वाचून गेलें होतें, आणि त्यासाठींच तर गेलें होतें. त्यांत राजा सहलींविषयीं बोलतो! पूर्वींचे राजे विहारयात्रेला निघत, त्यांत मृगया आणि तशाच करमणुकी असत; मीं मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षें झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला, गेलों, आणि तेव्हांपासून माझी यात्रा धर्मयात्रा झाली; तींत श्रमण-ब्राह्मणांची भेट, वृद्धांचें दर्शन आणि खेड्यापाड्यांतील लोकांशीं बोलणें असतें, असा त्याचा आशय. समग्र लेख गिरनारला आणि इतर ठिकाणीं आहे. सोपाऱ्याच्या तुकड्यावर थोडेसेच शब्द उरले आहेत. मुशाफिरी कशी करावी हें एक सम्राट सव्वादोन हजार वर्षांपूर्वीं दगडावर कोरून सांगतो, आणि तो दगड आपल्या लोकलच्या स्थानकाशेजारीं सांपडतो! स्तूपाच्या कुंपणाजवळ झाडाखालीं बसून मीं डबा खाल्ला. वृद्धांचें दर्शन तर मी स्वतःच देत होतें.

परत फिरण्यासाठीं किल्ली फिरविली तर मोटार निःशब्द. पहांटे अंधारांत लावलेले दिवे मीं मालवलेच नव्हते. बॅटरी संपली होती. दुरुस्ती करणारा "आलोंच" म्हणाला आणि अडीच तास आला नाहीं. शेवटीं दोन पोरांनीं मोटार ढकलली. "आजी, दुसऱ्या गिअरमध्यें टाका, आणि आम्ही ओरडलों कीं क्लच सोडा." मला प्रथमच कोणी "आजी" म्हटलें तें असें. तिसऱ्या धक्क्याला मोटार चालू झाली. पण तोंवर सूर्य बुडाला होता.

घोडबंदरच्या रस्त्याला लागलें तेव्हां पूर्ण अंधार झाला होता. समोरून मालमोटारींची रांग येत होती, आणि प्रत्येक दिवा माझ्या डोळ्यांपुढें पिंजलेल्या कापसासारखा पसरूं लागला. रस्त्याची कड दिसेना. थांबावें तर मोटार पुन्हां चालू होईल याची खात्री नाहीं. जी वाट मला सकाळीं माझी एकटीची वाटली होती, तिच्यावर या वेळीं कोणीहि शेजारीं असतें तर मी त्याला संत्र्यांची पाटी सोलून दिली असती. अखेर एक पाण्याची टाकी वाहणारी मालमोटार पुढें आली. तिचा मागचा तांबडा दिवा धरून मी तिच्या वेगानें चालत राहिलें. ती ठाण्याला वळली तेव्हां निरोप घेतांना मीं मोठ्यानें "बरंय हो" म्हटलें. साडेआठला जिना चढलें. शेजारीणबाई उघड्या दारांत खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनीं कांहीं विचारलें नाहीं, ताट वाढलें.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचें कारण नाहीं, पण शस्त्रक्रिया होईपर्यंत रात्रीं गाडीला हात लावावयाचा नाहीं. आणि परवान्याची मुदत पुढच्या वर्षीं संपते, तेव्हां नव्यानें डोळे तपासून घ्यावे लागतील तें निराळेंच. उजव्या डोळ्याची तारीख ठरली आहे. मुलाला मीं अजून कळविलेलें नाहीं. तो मोटारीचा प्रश्न पुन्हां काढील.

त्याच्या आधीं एक गुरुवार शिल्लक आहे. मी अंबरनाथाला जाणार आहें. शके 982, म्हणजे इसवी सन 1060 चें तें शिलाहारांचें देऊळ आगगाडीच्या इतकें जवळ आहे, आणि तरी मीं तें पाहिलेलें नाहीं. दुपारच्या चहाला घरीं असेन.

काल हें शेजारीणबाईंना सांगितलें तेव्हां त्यांनीं नेहमींचे प्रश्न विचारले नाहींत. थोडा वेळ थांबून म्हणाल्या, "तुमच्या डाव्या बाजूच्या खुर्चीवर काय असतं हो?"

"डबा," मी म्हणालें.

"तो मांडीवर घेतां येईल मला," त्या म्हणाल्या.

मीं अजून उत्तर दिलेलें नाहीं.